बॉनेटखालची जागा

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी माझ्या नवऱ्याशी जे काही मोकळेपणानं बोलले, ते बहुतेक सगळं एका मोटारीच्या बॉनेटखाली. हे सांगितलं की माझी सून हसते. तिला वाटतं, आई नेहमीप्रमाणे मीठमसाला लावतायत. लावते मी, नाही असं नाही. पण ही गोष्ट जशी झाली तशीच सांगतेय.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. शुक्रवार पेठेत आमचं घर, आणि घराच्या बरोबर मध्यावर सासूबाईंची खाट. त्या खाटेवरून स्वयंपाकघर दिसे, जिना दिसे आणि पुढचं दारही दिसे. दिवसा नवऱ्याशी उभ्याउभ्या दोन वाक्यं बोलले तरी खाटेवरून विचारणा व्हायची, "काय म्हनतोय त्यो?" सासूबाई करकंबच्या. त्यांच्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. घरातलं सगळं त्यांना माहीत असायला हवं, एवढंच. माडीची जमीन फळ्यांची होती, त्यामुळं वर कुजबुजलं तरी खाली ऐकू जाई. नव्या नवरीनं मनातलं बोलायचं कुठं?

पण गाडीचं काम हे काम होतं. त्याला सासूबाईंची ना नव्हती.

आमचे हे सोलापुरी चादरी घेऊन आसपासच्या बाजारांना जात. बार्शी, करकंब, असे ठरलेले वार होते. त्यासाठी त्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. मूळची ती पेट्रोलवरची. पण पेट्रोल परवडेना म्हणून कुणाकडून तरी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलेलं. ते इंजिन मुळात मोटारीसाठी बनवलेलं होतं की विहिरीवर पाणी उपसायला, याबद्दल घरात दोन मतं होती. थोराड पोराला लहान भावाचा सदरा चढवावा तसं ते बॉनेटखाली बसलं होतं. पुढून पंखा जाळीला टेकायला आलेला, आणि मागून सगळा बोजा ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्याला चिकटलेला. मध्ये बोटभर फट. जे काही बिघडायचं ते नेमकं त्या फटीतच.

मग हे बाजाराहून आले की बॉनेट उघडत आणि दारातून हाक मारत, "अगं, बॅटरी घेऊन ये."

बॅटरी म्हणजे हातात धरायचा दिवा. तो धरणं हे माझं काम. संध्याकाळी अंधारून आलं की आम्ही दोघं वरचं पत्र्याचं छप्पर डोक्यावर घेऊन इंजिनावर वाकून उभे असायचो. खाटेवरून पाहिलं तर आमच्या फक्त पाठी दिसत. तिथं मी त्यांना माहेरचं पत्र आल्याचं सांगितलं. दिवस गेल्याचंही तिथंच सांगितलं, आणि ते ऐकून त्यांच्या हातातला पाना जो खाली पडला तो शोधण्यात आमचा आणखी अर्धा तास गेला. कधी बोलायला काहीच नसायचं, तेव्हा ते मला इंजिनाचे भाग शिकवत. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण "हा कसला हो पाईप?" असं विचारलं की ते खुलत, म्हणून एकाच पाईपची चौकशी मी बऱ्याचदा केली.

गाडी जितकी बिघडेल तितका माझा संसार सुखाचा. अशी बायको शुक्रवार पेठेत तेव्हा मी एकटीच असेन.

मग थोरल्या दिरांची बार्शीहून सोलापूरला बदली झाली आणि माझ्या जाऊबाई घरी राहायला आल्या.

माझ्यापेक्षा मोठ्या, दोन मुलांची आई, पण अंगानं सडसडीत. आणि हात! मनगट असं की बांगडीवाल्यांनी दुकानात मांडून ठेवावं. बोटं लांब, पंजा निमुळता. बायकांचं लक्ष बायकांच्या दागिन्यांकडं जातं म्हणतात. माझं पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताकडं गेलं. माझा हात म्हणजे सरळ सांगायचं तर भाकरी थापायचा हात. सासूबाई कौतुकानंच म्हणत, "हिचा पंजा बगा. एका थापंत भाकरी." जाऊबाई आल्यावर ते कौतुक मला टोचायला लागलं.

तरीही सगळं ठीक चाललं असतं. पण त्या पावसाळ्यात गाडीचा सेल्फ गेला.

सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी छोटी मोटर. ती चालेना झाल्यावर रोज सकाळी गल्लीतल्या चारचौघांनी गाडी ढकलायची, आणि डिझेल इंजिन गार पडलेलं असलं की ते ढकलणाऱ्यांना पार वेशीपर्यंत नेऊन आणायचं. सेल्फ काढून दुरुस्तीला द्यायचा तर तो तीन बोल्टांवर अडकवलेला. दोन बोल्ट गाडीखाली आडवं पडून निघाले. तिसरा मात्र वरच्या अंगाला, इंजिनाच्या मागं, त्या फटीत. तो दिसत नव्हता. त्याच्यापर्यंत पाना जाई, पण आंधळ्या पान्याला बोल्टाचं डोकं सापडायचं नाही. तिथं हातच घालायला हवा, आणि यांचा हात मनगटाशी अडायचा. गॅरेजवाल्यानं येऊन पाहिलं. तोही धिप्पाड माणूस. म्हणाला, "इंजिन खाली उतरवा, मग बघू." इंजिन उतरवायचं म्हणजे कितीतरी बाजार बुडाले.

हे बॉनेटवर कोपरं टेकून हताश उभे होते, मी बॅटरी धरून, आणि जाऊबाई नळावरून कळशी घेऊन येत होत्या. त्या थबकल्या.

"काय झालं भाऊजी?"

"हात जाईना, वहिनी."

"बघू," म्हणाल्या, कळशी ठेवली, पदर खोचला आणि हात घातला. तो गेला. कोपरापर्यंत गेला. तेलात सोडलेल्या शेवयांसारखा.

"काहीतरी लागतंय. सहा कोनांचं."

"तोच! तोच वहिनी!" यांचा चेहरा मला अजून आठवतो. दिवस गेल्याचं कळल्यावरसुद्धा तो इतका उजळला नव्हता, असं निदान मला तेव्हा वाटलं.

त्या संध्याकाळपासून बॉनेटखाली उभं राहायचं जाऊबाईंनी. त्या आत हात घालून पाना बोल्टावर बसवून द्यायच्या, हे बाहेरून ताकद लावायचे, पाना सटकायचा, पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीची गरजच नव्हती. जिथं बघायचंच नाही तिथं उजेड कशाला? मी आत भाकऱ्या थापत असायचे आणि बाहेरून आवाज यायचे.

"वहिनी, तुम्ही मिस्त्रीच व्हायला पायजे होता की."

"झाले असते. पण मग तुमच्या थोरल्या भावाला जेवायला कोण घालणार?"

मग दोघांचं हसणं. दीर-भावजयीची थट्टा, यात वावगं काही नाही हे मला कळत होतं. उलट वावगं काहीतरी असतं तर भांडता तरी आलं असतं. मला राग होता तो जागेचा. ती माझी जागा होती. त्या जागी उभं राहून जाऊबाई भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. इतकी चांगली जागा, आणि भाजीचे भाव!

खाटेवरून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. भाकरी करपली.

जेवताना हे म्हणाले, "वहिनींचा हात पोचतो, पण पाना फिरवायला आतून जोर लागतो. तो नाही त्यांच्यात."

मी आमटी वाढता वाढता थांबले. जोर. जोर तर माझ्याकडं होता. घरभराची कणीक मी तिंबत होते, चादरींचे गठ्ठे उचलून टाकत होते. फक्त हात आत जायला हवा होता.

नागपंचमीच्या आधी कासारीण घरी आली बांगड्या भरायला. तिची टोपली मधल्या खोलीत, आम्ही दोघी जावा समोर. जाऊबाईंना तिनं सव्वादोनच्या मापाच्या हिरव्या बांगड्या घातल्या, बोलता बोलता, न बघता. मग माझा हात हातात घेतला, दोनदा दाबून पाहिला आणि अडीचच्या बांगड्या काढल्या.

"मलाही सव्वादोनच्या भर," मी म्हटलं.

"तुला न्हाईत व्हायच्या."

"होतील की. भर तू."

"बाई, तुजा पंजा बग, ही बांगडी बग."

"ताईंना होतात, मग मला का नाही?"

कासारणीनं जाऊबाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि साबण मागितला. "अंगठा आत घे. करंगळीकडं वळीव. हात ढिला सोड. लई ताठ करतीस." एकेक बांगडी चढली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चढली. हात उंचावून पाहिला. तो काही जाऊबाईंसारखा दिसेना. करकचून बांधलेल्या पेंढीसारखा दिसायला लागला.

"आता ह्या निगायच्या न्हाईत बरं," कासारीण उठता उठता म्हणाली. "वाढवायच्याच."

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि सवाष्णीनं उगीच काही वाढवायची नसते.

ती गेली, पण तिची हाताची युक्ती माझ्या डोक्यात राहिली. अंगठा आत, करंगळीकडं वळण, आणि साबण.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पाना तापवून वाकवून आणायला लोहाराकडं गेले होते. जाऊबाई मुलांना जेवायला वाढत होत्या. सासूबाईंचा आणि त्यांच्याजवळ निजवलेल्या माझ्या बाळाचा डोळा लागला होता. मी साबणाचा तुकडा घेऊन बाहेर आले, बॉनेट उघडून टेकवलं, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत फेसानं माखला आणि फटीत घातला. अंगठा आत घेतला. हात ढिला सोडला. बांगड्या कोपराकडं सरकल्या आणि हात आत गेला.

गेला! बोटांना बोल्ट लागला. थंड, तेलकट, सहा कोनांचा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या बाईबद्दल काहीही वाटेनासं झालं. मी फक्त विचार करत होते, की हे येतील, मी म्हणेन, "पाना द्या इकडं," आणि ते माझ्याकडं बघतच राहतील.

मग कुणाचीतरी चाहूल लागली म्हणून मी हात मागं ओढला. तो आला नाही. बांगड्या आतल्या एका पाईपच्या पकडीमागं जाऊन बसल्या होत्या. पुढं सरकेनात, मागं सरकेनात. मी ओढलं तशा त्या आणखी घट्ट झाल्या.

आले होते ते हेच. वाकडा पाना हातात घेऊन. बॉनेटखाली माझी पाठ बघून खुशीत म्हणाले, "अरे वा, आज तू? बॅटरी कुठंय?"

"अहो," मी म्हटलं, "हात अडकलाय."

पुढच्या पाच-दहा मिनिटांत सगळी गल्ली जमली. रोज गाडी ढकलणारे तर हक्कानं आले. जाऊबाई खरकट्या हातानं धावत आल्या. सासूबाई खाट सोडून काठी टेकत रस्त्यावर आल्या, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे लोकांना समजलं.

"बांगड्या फोडतो," हे हातोडी उचलून म्हणाले.

"तोंड सांबाळ," सासूबाई कडाडल्या. "श्रावनात सवाष्णीच्या बांगड्या फोडतोस? आनि तेबी तू? तिचा नवरा?"

यांनी हातोडी खाली ठेवली. "मग पाईप कापावा लागेल."

"काप की मग."

"डिझेलचा पाईप आहे तो. उद्या करकंबचा बाजार आहे."

एका पारड्यात माझा हात आणि दुसऱ्यात करकंबचा बाजार. ते किती वेळ तोलत होते ते मी वाकल्या वाकल्या, मान वळवून बघत होते. हे त्यांना मी पुढं जन्मभर ऐकवलं आहे.

कुणीतरी कासारणीला बोलावून आणलं. तिनं फटीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "म्या सांगितलं हुतं न्हवं? आता हितनं माजा हात जायचा न्हाई. दुसरीकडनं वाट हाय का?"

यांना आठवलं. ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्याला एक गोल भोक होतं, रबराचं बूच मारून बंद केलेलं. जुन्या पेट्रोल इंजिनाची कसलीशी दांडी तिथून जायची. ते आत घुसले, बूच उपसलं. भोक लहानसंच.

"आता बारीक हात पायजे," कासारीण म्हणाली.

सगळ्यांनी जाऊबाईंकडं पाहिलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "मला काही त्रास होत नाहीये. मी अशीच उभी राहते."

"गप की गं," जाऊबाई म्हणाल्या आणि हात धुऊन गाडीत शिरल्या. पुढच्या सीटवरून डोकं खाली, पाय दाराबाहेर, अशा त्या पडल्या. कासारीण माझ्या शेजारी बॉनेटवर वाकून हुकूम सोडायला लागली. "आदी तिचा अंगठा आत दाब. आता बांगडीची कड फिरव. वडू नको. फिरव."

आणि त्या अंधारात, तेलात, मला त्यांची बोटं लागली. दोन मुलांचं करून, धुणीभांडी करून इतकी मऊ. अशा वेळी माणसानं कृतज्ञ व्हावं. मी मनात म्हटलं, हिचं कोपरसुद्धा माझ्या तळव्यापेक्षा मऊ असेल.

पत्र्यापलीकडून त्यांचा आवाज आला, फक्त मलाच ऐकू येईल असा. "इतक्या घट्ट कशाला भरल्यास गं?"

"आवडतात मला."

त्यांनी एक बांगडी सोडवली. मग म्हणाल्या, "सांगायचं होतंस. मीच अडीचच्या भरल्या असत्या."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना रागही आला नव्हता. समजूतदारपणातही ही बाई माझ्यापुढंच. मला अगदी भरून आलं, आणि ते सगळंच काही प्रेमानं नव्हे.

बांगड्या एकेक करून निघाल्या. एक खाली कुठंतरी घरंगळली. गाडी पुढं विकली तेव्हाही ती बांगडी तिच्यातच होती. माझा हात बाहेर आला तो लाल, सुजलेला. सासूबाईंनी तिथंच रस्त्यावर त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. कासारणीनं अडीचच्या बांगड्या आणून घातल्या आणि कुणी काही विचारलं नाही.

जाऊबाई मात्र अजून आतच होत्या. त्यांचा आवाज आला, "भाऊजी, ते सहा कोनांचं डोकं हितनं सरळ समोर लागतंय. अगदी भोकासमोर."

हे दोन क्षण उभेच राहिले. मग धावले. लांब दांडीच्या टोकाला बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा गोटी पाना लावून त्यांनी तो भोकातून आत सरकवला. पाना बोल्टावर आपोआप बसला. दांडीला हिसका दिला, एक कर्कश आवाज आला आणि बोल्ट फिरला. बारीक हात नको, जोर नको, काही नको. एवढे दिवस ती वाट त्यांच्याच पायाशी होती. गल्लीत आनंदीआनंद झाला. गाडी ढकलणाऱ्यांनी तर जाऊबाईंचा जयजयकारच करायचा बाकी ठेवला.

सेल्फ दुरुस्त होऊन आला. दुसऱ्याच दिवसापासून किल्ली फिरवली की गाडी सुरू. बाजाराहून आले की हे सरळ घरात येत, हातपाय धुवत आणि खाटेसमोर बसून सासूबाईंना बाजाराची हकिकत सांगत. बॉनेटला कुणी हात लावीना. जाऊबाईंची तिथली गरज संपली म्हणून मी दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी कळलं की माझीही संपली आहे. तेव्हा मला गाडीचाच हेवा वाटायला लागला. तिला निदान सकाळी एकदा ते हात तरी लावत होते.

महिनाभर हे चाललं. गाडी इतकी गुणी वागत होती की बघवेना.

एका रविवारी सकाळी हे दारासमोर काच पुसत होते. मी तांब्या घेऊन गेले.

"काय हो, दुसरं काही बिघडलं नाही का?"

"नाही. का?"

"सहज. हॉर्न जरा बसल्यासारखा वाटतोय."

त्यांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. गल्लीतली कुत्री उठून पळाली. हॉर्न ठणठणीत होता. ते माझ्याकडं बघत राहिले. मी तांब्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, पुढं गेले, बॉनेट उघडलं आणि दांडीवर टेकवलं.

"ये हितं. बघू काय झालंय ते."

मी जाऊन शेजारी उभी राहिले. लख्ख ऊन होतं. धरायला काही नव्हतं, बघायला काही नव्हतं. पाठीमागं घरातून पाहणाऱ्याला दोघांच्या पाठीच दिसत असणार.

"बोल," ते इंजिनाकडं बघत हळू म्हणाले.

आधी वाटलं काहीच सुचणार नाही. मग जी सुरू झाले ते महिन्याभराचं सगळंच सांगायला लागले. त्यात माझ्या हाताचंही आलं, त्यांच्या वहिनींच्या हाताचंही आलं, आणि करकंबच्या बाजाराचंही आलं. ते मधूनमधून एखादी वायर उगीचच हलवून बघत होते.

जाऊबाई दारात आल्या. "काय झालं भाऊजी? मी येऊ का, हात घालायला?"

"नको," मी म्हटलं, जरा जास्तच पटकन.

यांनी मान वर केली नाही. "नको वहिनी. बिघाड काय आहे तेच अजून सापडलं नाही," ते म्हणाले. "वेळ लागेल."